इमू की शहामृग? आधी पाय बघा, रंग शेवटी

फोटोखाली ‘इमू’ लिहिलेलं असतं आणि फोटोत उभी असते शहामृगाची मादी. ही चूक इतक्या वेळा नजरेस पडते की आता फोटोआधी मी नाव वाचतच नाही. चूक करणारी माणसं अडाणी नसतात. त्यांचा क्रम चुकलेला असतो. आधी आकार बघितला, मग रंग, आणि एवढ्यावर नाव ठोकून दिलं. नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यात जास्त फसवतात. शहामृग काळा-पांढरा आणि इमू तपकिरी, हे अर्धसत्य आहे, कारण शहामृगाची मादीही करडी-तपकिरीच असते.

खाली दिलेला क्रम उलटा आहे. पायापासून सुरुवात करून वर चढायचं, आणि रंग नि उंची अगदी शेवटी. पीस, अंडं किंवा पिल्लू एवढंच हाताशी असेल तर सरळ सहाव्या टप्प्यावर जा.

## तयारी: बघण्याआधी काय ठरवायचं

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्यापुढे दोन नाही, निदान चार नावं आहेत हे मान्य करा. इमू आणि शहामृग तर आहेतच. शिवाय दक्षिण अमेरिकेतला ऱ्हिया आणि न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियातला कॅसोवरी. ‘शहामृग नाही, म्हणजे इमूच’ हा हिशेब इथेच कोसळतो. कॅसोवरी बहुधा लगेच कळतो: डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, काळंभोर अंग, निळी मान. ऱ्हिया मात्र भल्याभल्यांना चकवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन खुणांचा नियम. शरीराच्या दोन वेगळ्या भागांवरच्या दोन खुणा जुळल्याशिवाय नाव लिहायचं नाही. पाय आणि मांडी चालेल, पाय आणि पंख उत्तम. ‘रंग तपकिरी आणि पाठही तपकिरी’ या दोन खुणा नव्हेत, ती एकच खूण दोनदा मोजली.

फोटो तुम्हीच काढणार असाल तर तीन काढा: बाजूने पूर्ण पक्षी, समोरून पावलं, आणि डोकं-मान जवळून. बहुतेकांकडे फक्त तिसरा असतो, कारण चेहरा गमतीशीर दिसतो. ओळख पटवायला तोच सगळ्यात कमी कामाचा.

सावधान: कुंपणाला चिकटून उभं राहू नका. दोन्ही पक्षी लाथ पुढच्या दिशेने मारतात, मागे नाही. शहामृगाची लाथ माणसाचा जीव घेऊ शकते. चष्मा, किल्ल्या, कानातलं अशा चमकणाऱ्या वस्तूंवर दोघेही चोच मारतात, म्हणून फोन जाळीतून आत घालून फोटो काढू नका.

## टप्पा १: पावलं

शहामृगाच्या पायाला दोनच बोटं असतात. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या पक्ष्याला एका पायाला दोन बोटं नाहीत, त्यामुळे ती दिसली की विषय तिथेच जवळजवळ संपतो. दोन्ही बोटं सारखी नसतात. आतलं बोट लांब, जाडजूड, टोकाला दणकट नख. बाहेरचं बोट आखूड, आणि त्याला बहुधा नखच नसतं. लांबून बघितलं तर पाऊल खुरासारखं वाटतं. नावात ‘मृग’ आहे त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला बरं पडतं.

इमूला तीन बोटं, तिन्ही पुढे वळलेली, मधलं सगळ्यात लांब. मागे चौथं बोट नाही. मऊ मातीत उमटलेला ठसा रुंद बाणाच्या टोकासारखा दिसतो. शहामृगाच्या ठशात एक मोठा लांबट खड्डा, त्याच्या टोकाला नखाची खोच, आणि बाजूला एक छोटा खड्डा दिसतो.

आता चुका. पहिली: बाजूने काढलेल्या फोटोत इमूचं एक बोट दुसऱ्यामागे लपतं आणि दोनच दिसतात. दुसरी: गवत. मी एकदा एका कुंपणापाशी पाऊण तास थांबलो, कारण पक्षी घोटाभर गवतात चरत होता आणि पाऊल काही दिसेना. शेवटी तो पाणी प्यायला सिमेंटच्या कट्ट्यावर चढला तेव्हा तीन बोटं एकदम स्वच्छ दिसली. थांबणं वाया गेलं नाही. पाण्याची जागा, कट्टा, उघडी माती बघून ठेवा, पक्षी तिथे येतोच.

तिसरी चूक सगळ्यात मोठी: तीन बोटं दिसली की ‘इमू’ लिहून मोकळं होणं. ऱ्हिया आणि कॅसोवरीलाही तीनच बोटं असतात. तीन बोटांनी फक्त शहामृग बाद होतो. इमू सिद्ध होत नाही.

तपासा: दोन्ही पावलं दिसली का? बोटं समोरून मोजली का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर हा टप्पा अर्धवट समजा आणि पुढच्या दोन टप्प्यांवर जास्त भार द्या.

## टप्पा २: मांडी

शहामृगाच्या मांड्या उघड्या असतात. पिसांचा घेर पोटापाशी संपतो आणि खाली थेट कातडी सुरू होते. कुठे करडी, कुठे गुलाबी, विणीच्या हंगामात काही नरांत लालसर. पावलं गवतात असली तरी ही खूण शंभर पावलांवरून दिसते, म्हणून प्रत्यक्षात हिचाच उपयोग जास्त होतो.

इमूच्या मांड्या पिसांनी झाकलेल्या असतात. पाठीवरची झिपरी पिसं खाली उतरत येतात आणि ‘उलट्या गुडघ्या’च्या थोडं वर थांबतात. ढगळ चड्डी घातल्यासारखा दिसतो तो.

त्या उलट्या गुडघ्याबद्दल एक वाक्य: तो गुडघा नाहीच, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत, अंगाला लागून असतो. ‘इमूचा गुडघा मागे वळतो’ हे वाक्य मुलांच्या तक्त्यावर दिसलं तर खोडा.

तपासा: पक्षी बसलेला असेल तर मांडी दिसत नाही. बसलेल्या पक्ष्यावरून हा टप्पा पुरा झाला असं धरू नका.

## टप्पा ३: पाठ, पंख, शेपूट

इथे बघायचा प्रश्न एकच: पंख दिसतो का?

शहामृगाचे पंख मोठे असतात. पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २ मीटर भरतात. उडायला उपयोग नाही, पण पळताना तोल सांभाळायला, वळायला, मादीपुढे नाचायला, पिल्लांवर सावली धरायला ते सतत वापरात असतात. मिटलेले असले तरी अंगाच्या बाजूला पिसांचा वेगळा थर म्हणून ओळखू येतात. शेपटीचाही झुबका असतो.

इमूचे पंख जेमतेम २० सेंटीमीटरचे, पिसांखाली गडप झालेले. उभ्या इमूकडे बघून पंख कुठे आहे ते दाखवता येत नाही. शेपटीचा झुबका नाही. पाठीच्या मधोमध केसांचा भांग पाडावा तशी रेघ असते आणि तिथून दोन्ही बाजूंना पिसं खाली लोंबतात. लांबून बघाल तर पायांवर ठेवलेली गवताची गंजीच वाटते.

तीन बोटांचा करडा पक्षी समोर असेल आणि त्याचे पंख मात्र मोठे, सैल, कुल्ल्यावरून ओघळलेले दिसत असतील तर तो इमू नाही, ऱ्हिया आहे. ऱ्हियाला वगळायची माझी ठरलेली खूण हीच. त्याच्या पाठीवर तो भांगही नसतो.

## टप्पा ४: मान आणि डोकं

इथे घाई होते, कारण फोटोत हाच भाग मोठा दिसतो.

शहामृगाची मान लांब, वर आखूड लवेसारखी पिसं. चोच रुंद, चपटी. डोळा थेट ५ सेंटीमीटर व्यासाचा, जमिनीवरच्या कुठल्याही कणाधारी प्राण्याहून मोठा, आणि वर लांब काळ्या पापण्या. इमूची चोच त्यामानाने बारीक नि गडद. डोक्यावर विस्कटलेल्या केसांसारखी काळपट पिसं, मानेवर विरळ पिसं आणि त्यांतून डोकावणारी निळसर कातडी.

‘निळी मान म्हणजे इमू’ हे पाठ केलेलं असेल तर ते विसरा. सोमाली शहामृग ही आता वेगळी जात मानली जाते, आणि तिच्या नराची मान नि मांड्या निळसर-करड्या असतात. उलट कोवळ्या वयाच्या इमूच्या डोक्या-मानेवर काळपट पिसांचं दाट आवरण असतं, निळा रंग दिसतच नाही. म्हणजे निळ्या रंगाचा शहामृग असू शकतो आणि निळा रंग नसलेला इमूही. ही खूण जोडीला घ्या, एकटीवर विसंबू नका.

## टप्पा ५: आता रंग आणि उंची

आधीच्या चार टप्प्यांत दोन खुणा मिळाल्या असतील तर हा टप्पा फक्त पडताळा आहे. मिळाल्या नसतील तर यावरून नाव ठरवूही नका.

पूर्ण वाढलेला शहामृग नर काळा, पंख आणि शेपटीची पिसं पांढरी. मादी करडी-तपकिरी. वयात न आलेला नरही मादीसारखाच दिसतो. इमूत नर-मादीचा रंग सारखा असतो. पिसं झडून नवी आली की इमू गडद दिसतो, पुढे उन्हाने फिकट होत जातो. त्यामुळे एकाच कळपातला गडद तो नर आणि फिकी ती मादी असं लिहिणं म्हणजे शहामृगाचा नियम इमूला लावणं.

उंचीचे आकडे असे: शहामृगाचा नर साधारण २.१ ते २.८ मीटर, मादी थोडी बुटकी. इमू फार तर १.९ मीटर. वजनात तर तुलनाच नाही, शहामृग १०० किलोच्या पुढे सहज जातो, इमू बहुधा ३० ते ४५ किलोंत असतो आणि मादी नराहून थोडी जड असते.

आकडे बरोबर असूनही लोक चुकतात, कारण फोटोत मोजपट्टी नसते. शेजारी माणूस किंवा कुंपणाचा खांब नसेल तर उंचीचा अंदाज करूच नका. आणि शहामृगाचं पिल्लू मोठं होताना कधी ना कधी इमूच्याच उंचीचं असतं, हे ध्यानात असू द्या.

सावधान: पार्श्वभूमीवरून निकाल देऊ नका. रानटी शहामृग आफ्रिकेतले आणि रानटी इमू ऑस्ट्रेलियातले हे खरं, पण पाळलेले दोन्ही पक्षी जगभर आहेत. शिवाय पिसांच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियात नेलेल्या शहामृगांपैकी काही तिथे मोकळे सुटले. मागे लाल माती आणि निलगिरी दिसते म्हणून पुढचा पक्षी इमू ठरत नाही.

## टप्पा ६: पक्षी समोर नाही, वस्तू हातात आहे

### पीस

माझ्याकडे पिसांची एक डबी आहे. त्यातल्या एका करड्या-तपकिरी पिसाच्या चिठ्ठीवर मीच ‘शहामृग, मादी’ असं लिहून ठेवलं होतं. कैक दिवसांनी डबी साफ करताना ते पीस बुडाशी चिमटीत धरलं आणि दुसऱ्या हाताने टोकाकडचा भाग हलकेच उलगडला. पिसाचे दोन भाग झाले. तुटलं नव्हतं. एकाच बुडातून दोन दांडे निघाले होते, जवळपास सारख्या लांबीचे, एकाला एक चिकटून पडलेले. पीस इमूचं होतं.

तर करायचं ते एवढंच: पीस कोरडं करा, बूड चिमटीत धरा, दांडे मोजा. दोन दांडे असतील तर ते शहामृगाचं नाही. इमूचं असण्याची शक्यता मोठी, मात्र कॅसोवरीलाही दुहेरी पीस असतं, ते काळं आणि राठ. एकच दांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीची मऊ, लहरती झालर असेल तर शहामृग. बहुतेक पक्ष्यांच्या उडायच्या पिसात दांडा एका कडेला सरकलेला असतो, शहामृगाच्या पिसात तो मधोमध असतो.

रंगाकडे बघू नका, सजावटीची पिसं रंगवलेली असतात. ओलं पीसही तपासू नका. ओलाव्यात दोन दांडे असे चिकटतात की एकच वाटतो. माझी चूक बहुधा तिथेच झाली असणार.

### अंडं

ताजं असेल तर प्रश्नच नाही. इमूचं अंडं गर्द हिरवं, शहामृगाचं मलईच्या रंगाचं. गोंधळ होतो तो जुन्या, रिकाम्या, कोरलेल्या किंवा रंगवलेल्या कवचांत. इमूच्या कवचाला थर असतात: वर गर्द हिरवा, खाली निळसर-हिरवा, आत पांढुरका. नक्षी कोरणारे याच थरांचा उपयोग करतात, त्यामुळे वरचा थर खरवडून टाकलेलं इमूचं अंडं चक्क पांढरट दिसू शकतं.

म्हणून दोरा घ्या. अंड्याच्या सगळ्यात फुगीर भागाभोवती गुंडाळा आणि तेवढा दोरा पट्टीवर मोजा. ४० सेंटीमीटरच्या आसपास भरला तर शहामृग. २८ च्या आसपास भरला तर इमू किंवा ऱ्हिया. या दोघांत मग कवचाकडे बघा: इमूचं खरखरीत, दाणेदार, ऱ्हियाचं गुळगुळीत आणि पिवळट. शहामृगाचं कवच चिनी मातीच्या भांड्यासारखं तकतकीत, त्यावर बारीक छिद्रांचे ठिपके. लांबी-रुंदी हवीच असेल तर शहामृगाचं सुमारे १५ बाय १३ सेंटीमीटर, म्हणजे गोलाकडे झुकणारं. इमूचं १३ बाय ९, लांबट.

वजनावर जाऊ नका. भरलेलं शहामृगाचं अंडं सुमारे १.४ किलोचं आणि इमूचं अर्ध्या किलोच्या आसपास असतं, पण आतलं काढून टाकल्यावर हे आकडे निरुपयोगी.

### पिल्लू

इमूच्या पिल्लाच्या अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे गडद-फिके पट्टे असतात. शहामृगाच्या पिल्लाच्या पाठीवर साळूसारखी राठ, उभी पिसं आणि मानेवर काळे ठिपके-रेघा. मानेवरच्या त्या रेघा बघून ‘पट्टे आहेत, म्हणजे इमू’ म्हणू नका, पाठ बघा. ऱ्हियाची पिल्लंही पट्टेदार असतात. इमूचे पट्टे तीनेक महिन्यांत विरतात, त्यापुढच्या पिल्लाला पुन्हा पहिल्या टप्प्यापासून तपासावं लागतं.

## टप्पा ७: वागणं आणि आवाज

या खुणा जोडीच्या. चित्रफीत असेल तरच उपयोगी.

आवाजात लोक हमखास उलटं लिहितात. शहामृगात घुमणारा खोल आवाज नर काढतो, लांबून तो सिंहाच्या डरकाळीसारखा वाटतो. इमूत ढोल बडवल्यासारखा घुमारा मादीचा असतो. तिच्या गळ्यात फुगणारी पिशवी असते. नर गुरगुरतो.

अंड्यांवर कोण बसलंय तेही बघा. इमूत फक्त नर बसतो, सुमारे आठ आठवडे, आणि त्या काळात जवळपास काही खात-पीत नाही. त्यामुळे ‘अंडी उबवणारी इमू मादी’ ही ओळ कुठेही दिसली तरी चूकच. शहामृगात पाळी असते: दिवसा करडी मादी, रात्री काळा नर, साधारण सहा आठवडे.

पळण्यात शहामृग ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातो, इमू ५० पर्यंत. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. वळताना पंख पसरतो का, एवढंच बघा. पसरला तर इमू नाही.

## अडलेली प्रकरणं

नुसतं डोकं आणि मान कुंपणावरून डोकावतेय, असा फोटो सगळ्यात जास्त येतो. चोच रुंद-चपटी, पापण्या ठळक, मान लवेने झाकलेली असेल तर शहामृगाकडे झुका. डोक्यावर विस्कटलेले काळे केस आणि विरळ पिसांतून निळी कातडी असेल तर इमूकडे. पण झुकणं म्हणजे ठरवणं नव्हे. फोटो पाठवणाऱ्याकडे दुसरा फोटो मागा, पायांचा.

करडा पक्षी बसलेला, पाय पोटाखाली. इथे पाठीचा भांग शोधा. तो नसेल आणि बाजूला पंखाचा थर दिसत असेल तर शहामृगाची मादी किंवा ऱ्हिया, आणि या दोघांतला निकाल पक्षी उठल्यावर मांडी नि बोटांवरूनच.

चिठ्ठी लिहिताना नावापुढे कोणत्या दोन खुणांवरून ठरवलं ते लिहा: ‘इमू. तीन बोटं, पाठीवर भांग.’ पुढे कुणाला शंका आली तर काय तपासायचं ते त्याला लगेच कळतं. एकच खूण मिळाली असेल तर ‘बहुधा इमू’ लिहा, आणि एकही नसेल तर ‘न उडणारा मोठा पक्षी’. इमूपुढे नर किंवा मादी रंगावरून कधीच लिहू नका. शहामृगापुढे लिहिता येतं, पण पक्षी पूर्ण वाढलेला असेल तरच.